नाव गावाचं झालं, हाताचं कधी?

(अंबाजोगाई येथे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मला विषय दिलाय 'मराठवाड्यातील कलावंत आणि कारागीर यांची अलीकडची कामगिरी'. असा विषय हातात आला की वक्ता दोनपैकी एक काहीतरी करतो. एक तर पुरस्कारांची यादी वाचतो, नाही तर कला मरत चालली म्हणून गळा काढतो. यादी मी थोडी वाचणार आहे, कारण ती वाचण्याजोगी आहे. गळा काही काढणार नाही. मला तक्रार करायची आहे, आणि ती जराशी वेगळी आहे.

सुरुवात तुळजापूरपासून करू. २०२४ मध्ये तुळजापूरच्या कवडीला भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याला आपण सगळे 'जीआय' म्हणतो. त्याच सुमारास जालन्याची दगडी ज्वारी, कास्तीची कोथिंबीर, पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ यांनाही ते मिळालं. पेपरात सगळं एकाच बातमीत आलं. ज्वारी, तूर, चिंच, कोथिंबीर आणि मध्येच कवडी! वाण्याची यादी वाचतोय की काय असं वाटावं. आमच्या एका मित्रानं लगेच शंका काढली की कवडी तर समुद्रात सापडते, तुळजापुरात कुठला आलाय समुद्र?

शंका रास्त आहे. पण या मानांकनाचा १९९९ चा कायदा काय म्हणतो बघा. वस्तूचा गुण, तिची ख्याती किंवा तिचं वैशिष्ट्य त्या मुलखाशी बांधलेलं असलं पाहिजे, आणि बनवलेल्या वस्तूच्या बाबतीत निदान एखादी क्रिया तिथं घडली पाहिजे. कवड्या निवडायच्या, भोकं पाडायची, माळ ओवायची हे काम तुळजापुरात होतं. आणि ख्यातीचं म्हणाल तर आराध्यांच्या, गोंधळ्यांच्या, भुत्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ महाराष्ट्रात कुठंही दिसली तरी शेंबडं पोरसुद्धा सांगेल की ही आई तुळजाभवानीची. एवढी ख्याती आणखी कुणाला मिळायची?

आता मेख ऐका. हे मानांकन कुण्या माणसाला मिळत नाही, ते मुलखाला आणि वस्तूला मिळतं. नोंदणी असते एखाद्या संस्थेच्या किंवा संघाच्या नावावर. माळ ओवणाऱ्या बाईला ते नाव आणि ती खूण आपल्या मालावर लावायची असेल, तर तिला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची वेगळी नोंद करावी लागते. नोंदणीचं कार्यालय चेन्नईला. दर दहा वर्षांनी नूतनीकरण. सत्कार, फेटे, पेढे हे सगळं पहिल्या टप्प्यावर उरकून जातं आणि या दुसऱ्या टप्प्याकडे कुणी फिरकत नाही. माझी तक्रार इथून सुरू होते.

पैठणीचं बघा. पैठणीला मानांकन मिळालं २०१० मध्ये, पैठण आणि येवला दोन्हीकडच्या विणकरांना धरून. येवल्याचा बाजार मोठा आहे, ते मान्य करू. इथं बसून त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही. पण पैठणमध्ये आजही माग चालू आहेत आणि त्यावर बायका मोठ्या संख्येनं बसतात, हे मला कौतुकाचं वाटतं. पूर्वी बाईच्या वाट्याला धागा गुंडाळायचा राहाट आणि सांधणी यायची. सांधणी म्हणजे जुन्या ताण्याच्या, म्हणजे मागावर लांबीनं ओढलेल्या उभ्या धाग्यांच्या, टोकांना नव्या ताण्याचा एकेक धागा पिळून जोडायचा. नजर फोडणारं काम. मागावर मात्र पुरुष बसायचा. आता ती मागावर बसते.

तिथं मागे उभं राहून जरा बारकाईनं बघा. समोर रेशमाचा ताणा. पदराचं काम चालू असलं की ताण्यावर रांगेनं तिल्ल्या पडलेल्या असतात, म्हणजे रंगीत रेशीम गुंडाळलेल्या छोट्या कांड्या. मोराच्या मानेची एक ओळ घालायची तर हिरवी तिल्ली ठरलेल्या धाग्यांखालून काढायची, शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकवायची, तिथूनच मागे वळवायची. मग पुढचा रंग, मग त्याच्या पुढचा. पदराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या तिल्ल्या अशा फिरल्या की फणी आपटायची. झाली एक ओळ. मोर अजून लांब आहे. अंगाचं काम साधं असलं तरी काठामुळे धोटे, म्हणजे आडवा धागा वाहून नेणाऱ्या कांड्या, तीन लागतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. काठ आणि अंग यांचे धागे एकमेकांत अडकवत जायचं. त्या अडकवण्यातूनच करवतीच्या दात्यांसारखी ती कड उभी राहते.

रंग जिथल्या तिथं वळत असल्यामुळे पदराच्या मागच्या बाजूला धागे लोंबत नाहीत. सुलट आणि उलट जवळजवळ सारखीच. यंत्रावरच्या पदराच्या मागे धागे एका नक्षीपासून दुसऱ्या नक्षीपर्यंत लांब ओढलेले दिसतात, किंवा कापून टाकलेले दिसतात. लगीनसराईत दुकानात 'सेमी पैठणी'चा ढीग समोर पडतो ना, तेव्हा एवढं लक्षात ठेवा. सेमी घेऊ नका असं मी म्हणत नाही. प्रत्येकाला खरी परवडत नाही, आणि गरिबाच्या लेकीनं लग्नात मोर नेसू नये असा काही नियम नाही. सेमीला खरी म्हणून विकू नये, एवढंच.

हिमरूची गंमत उलटी आहे. छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूत, म्हणजे तिथल्या नक्षीदार शालीच्या कापडात, ताणा सुताचा असतो आणि नक्षीचं जादा रेशीम मागच्या बाजूला मोकळं सोडलेलं असतं. त्या मोकळ्या रेशमामुळेच शालीला ऊब येते. म्हणजे पैठणीत जो दोष ठरेल तोच इथं गुण. हे काम हातमागावर करणारी घरं आता फार थोडी उरली आहेत. अजिंठा-वेरूळ बघायला आलेल्या पर्यटकाच्या पिशवीतून 'हिमरू' म्हणून जे जातं, त्यातलं बरंचसं यंत्रावरचं असतं. यावर मी जास्त बोलत नाही, त्रास होतो.

शेजारी डोकवायला हरकत नाही. बीदर आज कर्नाटकात आहे, पण १९५६ पर्यंत आपण आणि बीदर एकाच हैदराबाद संस्थानात, नंतर एकाच राज्यात होतो. तिथल्या बिदरी कामाचे उस्ताद शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. जस्त आणि थोड्या तांब्याचं भांडं, त्यावर कोरून बसवलेली चांदी, आणि शेवटी किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर उकळून भांडं काळं करायचं. चांदी तेवढी पांढरी राहते. तिथं एका माणसाचं नाव देशानं घेतलं. मला ते फार आवडलं.

आता आपण जिथं बसलो आहोत त्या गावाचं सांगतो. संतकवी दासोपंतांची पासोडी तुम्हाला सांगायला नको. २४ हात लांब, अडीच हात रुंद कापड, आणि त्यावर पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी झाली ते, ओव्यांत लिहिलेलं. चारशे वर्षं झाली. अभ्यासक येतात, ओव्यांवर बोलतात, अक्षरावर बोलतात, आणि ते बरोबरच आहे. पण कापड कुणी विणलं हो? शाई धरेल, घडी मोडणार नाही, पिढ्या टिकेल असं सूत कुणी कातलं? त्याची कुठं ओळ नाही. त्या काळी नसेल लिहिलं, त्याला इलाज नाही. आजही आपण तसंच चालू ठेवलंय, हे मला पटत नाही.

नांदेडचं उदाहरण घ्या. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती. या संस्थेचं नाव घेतलं की मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव येतंच, आणि आज तर ते घ्यायलाच हवं. देशात राष्ट्रध्वज तयार करणारी जी मोजकी केंद्रं आहेत, त्यांतलं एक नांदेडला आहे. ध्वजाचं कापड उदगीरला विणलं जातं आणि ध्वज नांदेडला शिवला जातो. हे काम साधं शिवणकाम समजू नका. भारतीय मानकांची यादी जिथून सुरू होते ते पहिलंच मानक, आयएस १, राष्ट्रध्वजाचं आहे. कापडाचं वजन, सुताची ताकद, रंगाची छटा, शिवण, सगळं त्यात बांधून दिलंय. आकार नऊ. सगळ्यांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सगळ्यांत लहान १५० बाय १००. अशोकचक्र दोन्ही बाजूंनी नीट दिसलं पाहिजे, २४ आरे, निळा रंग. एका बाजूचं चक्र दुसऱ्या बाजूच्या चक्राशी तंतोतंत जुळलं नाही तर ध्वज बाद.

मग ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली. तोपर्यंत हातानं कातलेल्या आणि हातानं विणलेल्या कापडाचाच ध्वज चालायचा. दुरुस्तीनंतर पॉलिस्टर आणि यंत्रावरचं कापडही चालू लागलं. पुढच्याच वर्षी 'हर घर तिरंगा' आलं. घरोघरी झेंडा लागला, चांगलं झालं. पण एवढे झेंडे चरख्यावर निघणार नव्हते, ते यंत्रांवर निघाले. हातसुताच्या ध्वजाची किंमत पॉलिस्टरच्या जवळपासही येऊ शकत नाही. तरीही उदगीरचे माग आणि नांदेडच्या शिलाई मशिनी थांबल्या नाहीत. माझ्या मते अलीकडच्या काळातली मराठवाड्याची सगळ्यांत मोठी कारागिरी कुठली असेल तर ही, आणि तिला पुरस्कार नाही.

मुक्तिदिनाचाच एक योगायोग आहे. २०२३ मध्ये आपण मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाची सांगता केली, त्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, दिल्लीत विश्वकर्मा योजना सुरू झाली. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, टोपल्या विणणारे, शिंपी असे १८ व्यवसाय. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, पुढे कमी व्याजाचं कर्ज. योजना कामाची आहे. पण त्या अठरांत हातमागावरचा विणकर नाही, कारण त्याचं खातं वेगळं, योजना वेगळ्या. मागावरच्या बाईला काय त्याचं? ती एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाते.

आता गळ्याचे आणि पायाचे कारागीर. २०२३ च्या प्रजासत्ताकदिनी कर्तव्यपथावर आपल्या राज्याचा चित्ररथ होता साडेतीन शक्तिपीठांचा. त्याला दुसरा क्रमांक मिळाला. संबळ दिल्लीत वाजला, आणि तिकडं माहूर, तुळजापूरच्या माणसांच्या अंगावर काटा आला. परभणीच्या राजाराम कदमांनी गोंधळ रंगमंचावर ज्या दिमाखात उभा केला, ती वाट आधीची आहे, हे त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. एकनाथांच्या पैठणपासून निघालेलं भारूड आपल्या काळात निरंजन भाकरे यांनी गावोगाव नाचवलं. २०२१ मध्ये करोनानं त्यांना नेलं. जत्रा बंद, यात्रा बंद, कलावंतांच्या चुली बंद, आणि त्यात हा घाव.

त्याच २०२३ मध्ये प्रभाकर मांडे सरांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सर गेले. विद्यापीठात प्राध्यापक, पण लक्ष सगळं लोकसाहित्याकडं, ते सांगणाऱ्या-गाणाऱ्या माणसांकडं, भटक्या जमातींकडं. कारागीर-कलावंताची नोंद ठेवणं हीसुद्धा कामगिरी असते, हे त्या पद्मश्रीनं मान्य केलं असं मी धरतो.

निलंग्याला एक ओझरता नमस्कार. २०१९ च्या शिवजयंतीला मंगेश निपाणीकर यांनी तिथं सहा एकरांवर बी पेरून, हिरव्या अंकुरांतून शिवाजी महाराज उभे केले. दुष्काळाचं वर्ष होतं हो ते! टीका झाली, व्हायचीच. पण जमिनीवर उभं राहून जे दिसतच नाही ते चित्र रेषेत धरायचं, ही करामत आहेच.

समोरून ताई खुणावतायत, मघाशी त्यांनी चिठ्ठी पाठवली होती. विचारतात, 'मग आम्ही गिऱ्हाइकांनी करायचं काय?' ताई, सोपं आहे. दुकानात सिल्क मार्कची खूण दाखवतील. ती फक्त रेशीम खरं आहे एवढंच सांगते, यंत्रावरच्या साडीलाही ती मिळू शकते. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे, २००६ पासून आहे, तो मागा. पदर उलटा करून बघा. आणि मग विचारा, 'ही कुणी विणली?' दुकानदार गडबडेल. गडबडू द्या. बिलावर विणकराचं नाव आणि गाव लिहून मागा. नाव मिळणं अवघड नाही. २०१९-२० मध्ये चौथी हातमाग गणना झाली, विणकरांना फोटोसह ओळखपत्रं आहेत, हस्तकला कारागिरांना 'पहचान' कार्ड आहे. सरकारच्या कपाटात नावं नंबरासकट आहेत. ती साडीच्या चिठ्ठीवर छापायला किती खर्च येतो? पन्नास हजारांच्या साडीला एक ओळ.

बरं, अजून दोन चिठ्ठ्या आहेत. एक किनवटच्या बंजारा भरतकामाबद्दल आहे, ती आधी घेतो. ज्यांनी पाठवली त्यांनी जरा पुढं या, मागं ऐकू येत नाही.