भांडणाच्या निमित्तानं

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या नागपुरात 'बे' या एका अक्षरावर केवढं काही चालतं! 'काऊन बे' म्हणत कॉलर धरली जाते, आणि 'काऊन बे' म्हणतच वर्षानं भेटलेल्या जिवलगाच्या गळ्यात पडतो आपण. शब्द तोच, सूर तेवढा बदलतो. आधी वैरी असलेल्या आणि मग एकमेकांवर जीव जडलेल्या दोन पुरुषांची गोष्ट मी सध्या लिहितोय. ती सुचली या 'बे'वरून.

दोघं कळमन्याच्या बाजारातले संत्र्याचे व्यापारी. वैर बापापासूनचं. आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी येणारा माल उतरला की दोघं एकाच ढिगापुढे उभे राहणार आणि एकमेकांवर बोली चढवणार. लिलावात समोरच्याच्या चेहऱ्यावरून नजर हटवून चालत नाही. तो संत्रं कसं उचलतो, अंगठ्यानं दाबून साल किती पोकळ आहे ते कसं बघतो, भाव झेपेनासा झाला की कानाची पाळी कशी ओढतो, हे सगळं याला पाठ. त्याच्या घरच्यांनाही तो इतका ठाऊक नसेल.

गोष्टीचं मर्म मला इथं सापडलं. मैत्रीत खांद्यावर हात टाकता येतो, एका गाडीवर बसून फुटाळा तलावावर जाता येतं. पण पुरुषानं पुरुषाकडे टक लावून बघितलेलं आपल्याकडे खपत नाही. वैऱ्याकडे मात्र दिवसभर बघा, रात्री कूस बदलत त्याचाच विचार करा, कोणी बोट ठेवत नाही. या दोघांना भांडणाची मुभा होती, म्हणून ते भांडत राहिले.

मनाई किती जुनी, तर 1860 च्या भारतीय दंड संहितेत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 आलं. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दिलेला दिलासा 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काढून घेतला. मग 6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. इतिहासानं या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी, असं न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी त्या निकालात लिहिलं. त्यातला कुटुंबीयांचा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो, कारण माझ्या नायकाला धास्ती पोलिसांची नाहीच. आईनं अमरावतीचं स्थळ बघून ठेवलंय, पत्रिका जुळलीय, आणि त्या माउलीच्या डोळ्यांत बघून 'नाही' म्हणायची हिंमत त्याला होत नाही. दोन पुरुषांच्या लग्नाला कायद्याची मान्यता सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या निकालातही मिळाली नाही. मग आईला सांगायचं तरी काय?

आणखी एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. अशा कथांमध्ये पुष्कळदा एक जण दुसऱ्याला मारतो, चारचौघांत पाणउतारा करतो, आणि शेवटी त्यालाच प्रेम मिळतं. मला हे मुळीच पटत नाही. ज्या वैरात समोरच्याची इज्जत राखली जाते, त्याच वैरातून प्रेम उगवू शकतं. माझ्या गोष्टीत एका संध्याकाळी अवकाळी पाऊस कोसळतो. एकाचे क्रेट उघड्यावर, हमाल घरी गेलेले. दुसरा येतो, तोंडातून शब्द न काढता क्रेट उचलून शेडमध्ये ठेवू लागतो. पाऊण तास दोघं ओले होत माल वाहतात. दुसऱ्या दिवशी लिलावात पुन्हा तसेच कडाडून भिडतात.

पुढे दोन्ही घरांचा समेट होतो. संत्रा बर्फी वाटली जाते, म्हातारी माणसं डोळे पुसतात. आणि हे दोघं मात्र त्या रात्री जेवत नाहीत. भांडण मिटलं, आता बघायचं कशाच्या निमित्तानं? हे पान मी चार वेळा लिहिलं, चारही वेळा माझा हात थबकला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारा मृग बहारही आटोपतो. बाजार ओस पडलेला, शेडमध्ये वाळकं गवत आणि रिकामे क्रेट. एक जण हिशेबाची वही घेऊन बसलाय. दुसरा येऊन समोर उभा राहतो.

"काऊन बे, माल त संपला. काय घ्याले आला?"

"काई नाई. आलो."

तो वही मिटतो आणि शेजारचा क्रेट उपडा करून पुढे सरकवतो.

"बस मंग."