खाडे, राग आणि रात्रपाळी

भोसरी, पिंपरी, चाकण, रांजणगाव. पुण्याभोवतीच्या या औद्योगिक पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांत पाळी सुरू होण्याआधी कामगार मशिनपाशी गोळा होतात आणि काही मिनिटे सुरक्षिततेवर बोलणे होते. याला सगळे टूलबॉक्स टॉक म्हणतात. हेल्मेट, बूट, हातमोजे, प्रेसचा सेन्सर यांची उजळणी होते. अपघाताने शरीराचे काय होते, हे कामगाराला तोंडपाठ असते. मनाचे काय होते, हे मात्र त्याला बहुधा कोणीच सांगितलेले नसते.

प्रेस शॉपमध्ये शेजारच्या मशिनवर एखाद्याची बोटे जातात. त्याला रुग्णालयात नेतात, चौकशी होते, मशिनला नवे गार्ड बसते आणि उत्पादन पुन्हा सुरू होते. पण ज्याने धावत जाऊन त्या हाताला कापड गुंडाळले, तो ऑपरेटर महिना उलटला तरी प्रेसचा स्ट्रोक पडला की दचकतो, त्या मशिनकडे पाठ करून उभा राहत नाही आणि कँटीनला जातानाही स्टोअरला वळसा घालून जातो. रात्री डोळा लागत नाही म्हणून तो पिऊ लागतो, घरी मुलांवर खेकसतो. हजेरीपत्रकावर त्याचे खाडे दिसतात आणि सुपरवायझरला त्याचा उद्धटपणा.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 मध्ये या त्रासाला आघातोत्तर तणाव विकार (पीटीएसडी) या नावाने स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली. त्याचे निदान डॉक्टरांनीच करायचे असते, आणि तेही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली तर. मात्र पुरुषांच्या बाबतीत ही लक्षणे ओळखण्यातच फसगत होते, कारण ‘मला भीती वाटते’ असे म्हणण्याची त्यांना सवय नसते. ती भीती चिडचिड, दारू, बेफिकीर गाडी चालवणे किंवा ओव्हरटाइममागून ओव्हरटाइम अशी बाहेर पडते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशात 1 लाख 70 हजारांहून अधिक आत्महत्या झाल्या, आणि दर दहांपैकी सुमारे सात जण पुरुष होते. या प्रत्येकामागे असाच आघात होता असे नाही. पण मदत मागायला पुरुष किती उशीर करतात, याचा विचार हा आकडा करायला लावतो.

दवाखान्याची पायरी न चढणारा हाच माणूस प्रशिक्षणाला मात्र बसतो, कारण तो कामाचाच भाग असतो. म्हणूनच सुरुवात तिथून व्हायला हवी, आणि तीही सुपरवायझरपासून. कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाची शिफारस आहे.

अशा वर्गात भाषणापेक्षा सराव महत्त्वाचा. ‘काय रे, हल्ली लक्ष कुठे असतं तुझं?’ असे लाइनवर चारचौघांत विचारण्याऐवजी त्याला बाजूला घेऊन म्हणायचे, ‘त्या दिवसापासून तू त्या मशिनकडे जायचं टाळतोस, असं मला दिसलं. झोप लागते का?’ मग थांबायचे. घडलेला प्रसंग त्याच्याकडून वदवून घ्यायचा नाही; अपघातानंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून बोलते करण्याने हा विकार टळत नाही, असे संशोधन सांगते.

कंत्राटी कामगाराची भीती आणखी वेगळी असते. बोललो तर गेट बंद होईल, हे त्याच्या मनात पक्के असते. त्याने सांगितलेले ठेकेदारापर्यंत जाणार नाही, याची लेखी हमी व्यवस्थापनाने दिली नाही, तर बाकीचे सारे प्रशिक्षण वाया जाते.

या विकारावर उपचार आहेत. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचाराने, म्हणजे विचार आणि वागणे यांवर काम करणाऱ्या संवादोपचाराने, आणि गरजेप्रमाणे औषधांनी अनेक जण सावरतात; टाळलेल्या जागी टप्प्याटप्प्याने परतणे हा त्या उपचाराचाच भाग असतो, आणि तिथे सुपरवायझरची साथ लागते. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते. तो रुग्णवाहिकेच्या क्रमांकाशेजारी लावायला काहीच खर्च येत नाही. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, मात्र सरकारी रुग्णालयांतली तपासणी मुख्यतः सकाळी होते. त्यामुळे पहिल्या पाळीच्या कामगाराला उपचाराच्या दिवशी दुसरी पाळी द्यावी, आणि त्याचे कारण हजेरीपत्रकावर लिहू नये.