विंडोज अकरावर जायचं का? कोल्हापूरच्या गेमिंगवाल्या पोरांसाठी

[दृश्य: राजारामपुरी, संध्याकाळ. गल्ल्यांच्या पाट्या. दुचाकीवर दोन पोरं, मागच्याच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेली कॅबिनेट.]

राजारामपुरीत पत्ता सांगताना आधी गल्लीचा नंबर सांगतात. तिसरी, पाचवी, आठवी. यातल्याच एका गल्लीत, जिन्याखालच्या जागेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. टेबलावर चार कॅबिनेट उघड्या पडल्यात. पाचवी आत्ता चादरीतून बाहेर निघते आहे.

"काका, हे अकराला चालत न्हाई म्हणालंय."

स्क्रीनवर तसा मेसेज आला होता. आधीच्या दुकानात पोराला सांगण्यात आलं की मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, सगळं नवीन घ्यावं लागेल. घरी अजून जुन्याचेच हप्ते चालू आहेत.

काका कॅबिनेटमध्ये डोकावतात. रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, जीटीएक्स १६६० सुपर. २०१९ सालातलं सामान.

"कोण म्हणालं बदला म्हणून? मशीन चांगलंय की!"

[दृश्य: बायोसची स्क्रीन. कर्सर एका ओळीवर थांबतो.]

काकांनी बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं सेटिंग, उघडलं आणि एफटीपीएम नावाची ओळ शोधली. तिथं लिहिलं होतं, डिसेबल्ड. इंटेलच्या बोर्डावर हीच गोष्ट पीटीटी या नावानं सापडते. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतो. टीपीएम म्हणजे कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारा भाग. तो या पोराच्या प्रोसेसरमध्ये पहिल्या दिवसापासून होता, फक्त कुणी चालू केला नव्हता.

हा व्हिडिओ करायचं ठरलं ते हे पाहून. एक सेटिंग बंद आहे म्हणून एखाद्या घराला नवा कॉम्प्युटर घ्यायला लावणं मला सहन होत नाही.

[दृश्य: शिवाजी पेठ, मंगळवार पेठ. खिडक्यांतून दिसणारे मॉनिटरचे उजेड.]

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. २०१५ च्या जुलैत आलेलं विंडोज, दहा वर्षं चाललं. त्या दिवशी कुणाचाही पीसी बंद पडला नाही. गेम चालू होते, आजही चालतात. थांबले ते न मागता मिळणारे सुरक्षेचे अपडेट. आता विंडोज १० मध्ये नवी फट सापडली, तर ती आपोआप बुजवली जाणार नाही.

हे ऐकून पोरं खांदे उडवतात. "आमच्या पीसीत काय हाय चोरायला?" मी म्हणतो, बघ जरा. स्टीमचं खातं, त्यात पाच वर्षांत घेतलेले गेम. व्हॅलोरंट गेममधल्या बंदुकांच्या विकत घेतलेल्या स्किन. आणि दिवसा त्याच पीसीवर वडील काय करतात? शाहूपुरीतल्या एका घरात मी पाहिलंय. रात्री जिथं जीटीए चालतं, तिथंच सकाळी दुकानाचं जीएसटी भरलं जातं आणि बँकेचं खातं उघडलं जातं. गेमिंगचा पीसी आणि घरचा पीसी असे दोन वेगळे कॉम्प्युटर आपल्याकडं किती घरांत आहेत? एकच असतो, आणि सगळं त्याच्यावरच असतं.

म्हणून "काय बी हुत न्हाई" म्हणून दहावर तसंच बसून राहणं मला पटत नाही. पण याचा अर्थ उद्याच अकरा टाका, असाही नाही.

[दृश्य: खासबाग मैदान, रिकामं. मग एका तालमीत माती आणि शेजारी अंथरलेली मॅट.]

राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली, हे मैदान बांधून झालं. इथली माती अंगाला लावून पैलवान मोठे झाले. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांना मॅटवर लढावं लागलं. मातीत मुरलेल्या पैलवानाला मॅट परकी होती, तरी ते सहावे आले. चार वर्षं त्या पद्धतीचा सराव करून १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले. मातीवर त्यांचं प्रेम होतंच, पण जी कुस्ती त्यांना जिंकायची होती ती मॅटवर होती.

पोरांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो. तुझी कुस्ती कुठं आहे? तू खेळतोस काय?

व्हॅलोरंट खेळत असशील तर ऐक. त्याचं चीट पकडणारं सॉफ्टवेअर, व्हॅनगार्ड, विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू मागतं. सिक्युअर बूट म्हणजे पीसी चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर उघडू देणारं सेटिंग. नसेल तर गेम उघडतच नाही. विंडोज १० वर ही अट सरसकट नव्हती. त्यामुळं झालं काय, की काही पोरांनी इंटरनेटवरची युक्ती वापरून, तपासणी चुकवून, जुन्या पीसीवर अकरा बसवलं. विंडोज बसलं आणि व्हॅलोरंट गेलं. दहावर जो गेम चालत होता तो अकरावर बंद. शिवाय अशा पद्धतीनं बसवलेल्या विंडोजला अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या सुरक्षेसाठी एवढा खटाटोप केला, तीच हातची जाते. गेमरनं या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बॅटलफील्ड ६ सिक्युअर बूट मागतं, मग विंडोज १० असो की ११. कॉल ऑफ ड्यूटीचा ब्लॅक ऑप्स ७ टीपीएमसुद्धा मागतो. ऑनलाइन स्पर्धेचे मोठे गेम हळूहळू याच बाजूला चाललेत. पण तू एकट्यानं गोष्टीचे गेम खेळतोस, जुने गेम पुन्हा पुन्हा खेळतोस, तर तुझ्यावर ही घाई कुणी लादलेली नाही.

[दृश्य: मॉनिटरच्या कोपऱ्यात एफपीएसचा आकडा, वर-खाली होणारा.]

"अकरावर एफपीएस वाढतो का?" हा प्रश्न दुकानात रोज येतो. एफपीएस म्हणजे गेममध्ये दर सेकंदाला दिसणारी चित्रं. बहुतेक पीसीवर फरक जाणवण्याइतका नसतो. इंटेलच्या बाराव्या जनरेशनपासून मात्र बऱ्याच प्रोसेसरमध्ये दोन जातीचे कोर असतात, दमदार आणि काटकसरी. कुठलं काम कुणाला द्यायचं हे अकराला दहापेक्षा चांगलं कळतं. तसा प्रोसेसर असेल तर अकरावर जाच. नव्या रायझनलाही २०२४ च्या अपडेटनंतर काही गेममध्ये फायदा झाला. गेममधला उजेड आणि रंग खुलवणारं ऑटो एचडीआर सुंदर दिसतं, पण मॉनिटर एचडीआर असला तरच.

आणि खड्डेही होते, तेही सांगितले पाहिजेत. ऑक्टोबर २०२१ ला अकरा आलं तेव्हा एएमडीच्या प्रोसेसरवर काही गेम १० ते १५ टक्क्यांपर्यंत मंदावले. काही आठवड्यांत दुरुस्ती आली. मग एफटीपीएम चालू केल्यावर खेळता खेळता मध्येच गचके बसायला लागले. ते एएमडीनं मान्य केलं आणि २०२२ मध्ये बायोस अपडेट देऊन सोडवलं. २०२४ च्या मोठ्या अपडेटनंतर असॅसिन्स क्रीडचे काही गेम अडकू लागले, आणि मायक्रोसॉफ्टला तसे पीसी अपडेटपासून काही काळ रोखून धरावे लागले. हे सगळं पहिल्या दिवशी बटण दाबणाऱ्यांच्या वाट्याला आलं. वर्षाकाठी मोठं अपडेट आलं की महिना-दोन महिने थांबावं. स्पर्धा तोंडावर असेल तर हातच लावू नये.

मेमरी इंटिग्रिटी नावाचं एक सुरक्षेचं सेटिंग आहे. ते बंद केलं की काही गेममध्ये थोडा वेग मिळतो, हे मायक्रोसॉफ्टनं स्वतः सांगितलंय. ज्या पीसीवर वडिलांची बँक उघडते तिथं ते बंद करू नका. चार-पाच एफपीएससाठी ते धाडस नको.

[दृश्य: पुन्हा दुकान. काका पेन ड्राइव्ह लावतात.]

आता जिथं पोरं खरी अडकतात, तिथं येऊ.

आपल्याकडं बरेच असेंबल केलेले पीसी जुन्या पद्धतीनं विंडोज टाकून दिले गेले. बायोसमध्ये सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीनं बूट होऊ देणारं सेटिंग, चालू. डिस्क एमबीआर, म्हणजे जुन्या मांडणीच्या प्रकारची. सिक्युअर बूटला यूईएफआय, म्हणजे बूट व्हायची नवी पद्धत लागते, आणि त्यासाठी डिस्क जीपीटी या नव्या प्रकारची लागते. व्हिडिओ बघून पोरगं बायोसमध्ये जातं, सीएसएम बंद करतं, आणि पीसी सांगतो, बूट करायला डिस्कच सापडत नाही. काळी स्क्रीन.

माझ्या हातून हेच झालं होतं. रात्रीचे दोन वाजले होते. मी घाबरलो आणि फॉरमॅट मारला. त्या डिस्कवर बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. नंतर कळलं की सीएसएम परत चालू केलं असतं, तर जुनं विंडोज जसंच्या तसं उघडलं असतं. काहीही पुसलं गेलेलं नव्हतं. पुसलं ते मी.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. सगळ्यात आधी फोटो, कागदपत्रं, गेमचे सेव्ह दुसऱ्या डिस्कवर. लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर तिची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, कारण टीपीएमला हात लावला की पीसी ती मागू शकतो. मग डिस्कचा प्रकार बघा. एमबीआर असेल तर विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन आहे. ते आधी डिस्क तपासतं आणि डेटा न पुसता प्रकार बदलतं. तपासणीत नाही म्हणालं, तर जबरदस्ती करू नका, जाणकाराला दाखवा. डिस्क बदलल्यावरच सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू, टीपीएम चालू.

बायोस अपडेट करायचं असेल तर यूपीएस लावून करा. वळवाच्या दिवसांत दुपारी आभाळ भरून आलं की लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि अपडेट अर्ध्यावर असताना लाइट गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो. काका तर चैत्र-वैशाखात हे काम सकाळीच उरकतात.

अजून एक. क्रॅक करून टाकलेलं विंडोज. पैशाची अडचण मला कळते, आपल्यातल्या बहुतेकांची सुरुवात तिथूनच झाली. पण तो क्रॅक चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतो, तेव्हा तुम्ही दार उघडून कुणाला आत घेताय हे तुम्हाला माहीत नसतं. विंडोज १० अधिकृत असेल आणि पीसी अटींत बसत असेल, तर ११ फुकट मिळतं. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

[दृश्य: शाहूपुरीतलं घर. जुना पीसी, बाजूला वह्या आणि पावतीपुस्तकं.]

आणि हे मशीन? इंटेलचा चौथ्या जनरेशनचा आय५, जीटीएक्स १०५० टीआय. हे खरंच अटींत बसत नाही. आठव्या जनरेशनच्या आधीचे इंटेल जवळपास सगळेच बाहेर आहेत. रायझनची पहिली पिढीही बाहेर. २०१७ साली घेतलेला भारी प्रोसेसरसुद्धा या रेषेच्या पलीकडं राहिला, आणि तो आजही उत्तम गेम चालवतो, याचं मला वाईट वाटतं.

या घराला मी सांगितलं की घाई करू नका. विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन असेल तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की पैसेही पडत नाहीत. अपडेटच्या पानावरच नोंदणीची लिंक दिसते. तेवढ्या काळात पैसे जमवा. त्यांच्या ग्राफिक्स कार्डाला एनव्हिडियाचे नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासूनच थांबलेत, सुरक्षेचे तेवढे २०२८ पर्यंत मिळतील. म्हणजे इथं नुसतं विंडोज बदलून पोराला नवे गेम मिळणार नव्हतेच. वडिलांनी हे शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग बँकेचं काय?" आम्ही नोंदणी तिथंच करून दिली. बँकेचं काम आता ते दुकानातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर करतात.

विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकायचा पर्याय आहे का? आहे. स्टीमवरचे खूप गेम तिथं प्रोटॉन या विंडोजचे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळं चालतात. व्हॅलोरंट चालत नाही. तुझी कुस्ती कुठं आहे, हा प्रश्न तिथंही आहेच.

[दृश्य: राजारामपुरी, रात्र. शटर अर्धं खाली.]

काकांच्या टेबलावर विंडोज ११ उघडलं. पोरानं आधी व्हॅलोरंट लावलं नाही, फोटोंचं फोल्डर उघडून बघितलं. सगळं होतं. मग प्रॅक्टिस रेंज उघडली, दोन मिनिटं बंदूक चालवली आणि मान हलवली.

काकांनी कागदी चिकटपट्टीचा तुकडा फाडला, त्यावर पेनानं दहा दिवसांनंतरची तारीख लिहिली आणि कॅबिनेटच्या कडेला चिकटवली.

"ह्या तारखेपर्यंत मागं जाता येतंय. सेटिंगमध्ये रिकव्हरीत 'गो बॅक' म्हणून हाय. गचके बसाय लागले तर ये, परत दहा टाकून देतो. तोपर्यंत डिस्क साफ करायच्या नादात जुनं विंडोज पुसू नको."

पोरानं तारीख दोनदा वाचली. मित्रानं चादर पसरली, दोघांनी कॅबिनेट गुंडाळली, गाठ मारली. गाडी सुरू झाली आणि गल्लीच्या तोंडाशी खड्ड्यापाशी हळू झाली.