पार्टिकल बोर्डची ताकद नेमकी कुठल्या थरात असते?

नमस्कार मंडळी! हा बघा 18 मिमीचा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा आणि चिप्स गोंदाने चिकटवून दाबलेली फळी, याची कापलेली कड जरा कॅमेऱ्याजवळ आणतो. दिसतंय का, वर आणि खाली बारीक भुशाचा गच्च पट्टा आहे आणि मधे जाड जाड चिप्स, त्यांच्यात छोट्या पोकळ्या. नखाने टोकरलं की मधलं सुटून येतं, वरचं हलत पण नाही.

आता डेन्सिटी विचारली की आपल्याला एकच आकडा सांगतात, साधारण 600 ते 750 किलो प्रति घनमीटर, पण ती सरासरी झाली ना! बाहेरचे थर कितीतरी जास्त घट्ट असतात आणि मधला सरासरीच्याही खाली. असं का होतं तर बोर्ड ज्यात दाबून बनवतात त्या हॉट प्रेसच्या प्लेटा 200 डिग्रीच्या आसपास तापलेल्या असतात, उष्णता आधी बाहेरच्या थरांना लागते, त्यांच्यात ओल पण मुद्दाम जास्त ठेवलेली असते, त्यामुळे तिथलं लाकूड मऊ पडून मस्त दबतं, आणि मधलं तेव्हा अजून थंड आणि ताठच असतं. प्रेस जितकी पटकन बंद कराल तितका हा फरक वाढतो.

याचा फायदा काय? फळीवर वजन ठेवलं की ती वाकते, तेव्हा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि अगदी मधे जवळपास काहीच ताण नसतो. हिशोब करून बघा, सगळीकडे सारखी डेन्सिटी धरली तरी 18 मिमीच्या फळीत वरचे 3 आणि खालचे 3 मिमी मिळून वाकण्याला होणारा जवळजवळ 70 टक्के विरोध करतात! मग तेच थर अजून घट्ट केले तर तेवढ्याच वजनाची फळी जास्त ताठ होणारच.

पण सरासरी तीच ठेवून बाहेर माल दाबला की मधे कमी पडतो. टेस्टमधे बोर्डचा 50 बाय 50 मिमीचा तुकडा दोन्ही बाजूंनी ठोकळ्यांना चिकटवून ओढतात, तो बहुतेक वेळा मधेच तुटतो, कारण तिथली पकड मधल्या थराच्या डेन्सिटीवर आणि रेझिनवर, म्हणजे चिप्स चिकटवणाऱ्या गोंदावर, असते. कडेतून मारलेला स्क्रू पण तिथेच बसतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, शेल्फ करायचं तर बाहेरचे थर बघा, पण कडेने जोडायचं कपाट असेल तर कापलेली कड बघितल्याशिवाय बोर्ड घेऊच नका. आणि कडेत स्क्रू मारताना आधी बारीक भोक पाडा, नाहीतर स्क्रू पाचरीसारखा घुसतो आणि बोर्ड बरोबर मधल्या थरात उकलतो.