पिशवी काढण्याआधी

(दृश्य: बीड जिल्ह्यातलं गाव. ऊसतोडीला निघालेल्या टोळीचा ट्रक भरतोय.)

"डॉक्टर, पिशवी काढूनच टाका. रोजची कटकट नको."

मराठवाड्यातल्या दवाखान्यांना हे वाक्य नवं नाही. २०१९ मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, एवढ्यावर कितीतरी जणींना "पुढं कॅन्सर होईल" अशी भीती घातलेली. मग मुकादमाकडून उचल, आणि ऑपरेशन. तुकडा तपासायला पाठवला होता का, हे विचारायचं कुणाला सुचणार?

(दृश्य: सोनोग्राफीचा पडदा.)

पिशवीच्या अस्तराचा खरा कॅन्सर बहुतेकदा रक्तस्रावानं कळतो. पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि परत लाल डाग दिसला, तर "उष्णता झाली असेल" म्हणून घरी बसायचं नाही. सोनोग्राफी, मग अस्तराचा तुकडा काढून तपासणी (बायोप्सी).

यावर मुख्य इलाज ऑपरेशनच. गंमत अशी, की जिथं पिशवी काढायलाच हवी, तिथं जाणते डॉक्टर कधी कधी थांबतात. बाईचं वजन फार, साखर आटोक्यात नाही, हृदय कमजोर, भूल देणं धोक्याचं. किंवा बाई तिशीतली आणि मूल हवंय.

अशा तरुण बाईला बरेचदा पीसीओएस, म्हणजे बीजकोशाचा हार्मोनचा बिघाड, असतो. बीज वेळेवर फुटत नाही, त्यामुळं अस्तराला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन हार्मोन तयार होत नाही. अस्तर वाढवणारं इस्ट्रोजेन मात्र चालूच. चरबीतूनही त्यात भर पडते. रानाला नुसतं खत, खुरपणी नाही, तसं अस्तर माजत जातं. म्हणून बाहेरून प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध देतात: मेजेस्ट्रॉलची रोजची गोळी, किंवा तांबीसारखीच पिशवीत बसवायची, लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणारी वस्तू.

मूल होईपर्यंत थांबायचं, तर अट कडक. तुकड्यात ग्रेड एक, म्हणजे सगळ्यात सौम्य प्रकार, हवा, एमआरआयमध्ये रोग स्नायूत शिरलेला नको. गोळीनं भूक आणि वजन वाढतं. एका पायाला सूज आली, धाप लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

बऱ्याच जणींचा तुकडा काही महिन्यांत स्वच्छ येतो, पण रोग परतणाऱ्याही कमी नाहीत. मूल झाल्यावर पिशवी काढायचा सल्ला देतात, तो यासाठीच.

तोवर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा. इथं घोडं पेंड खातं. दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते, तुकड्याची तारीख नेमकी हंगामात येते आणि एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे दंड, लागतो. त्यामुळं आपण कुठल्या महिन्यात कुठल्या कारखान्यावर असतो, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं. निघताना पॅथॉलॉजीतून रिपोर्टसोबत काचेच्या स्लाइड आणि तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉकही मागून घ्यावेत. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जा की कोल्हापूरला, तोच तुकडा तिथं पुन्हा पाहता येतो.