मुंबईची वीज आणि सह्याद्रीचा पाऊस

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईच्या भरभराटीचं श्रेय आपण बंदराला देतो, कापसाला देतो, गिरणगावाच्या घामाला देतो. ते खरंच आहे. पण आज मला बोलायचं आहे ते लोणावळ्याच्या पावसाबद्दल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या गिरण्या वाफेवर चालत. मुंबईच्या आसपास कोळशाची खाण नाही, त्यामुळे कोळसा लांबून, बंगालकडून आणावा लागे. घाटावरचं पाणी अडवून वीज करावी हा जमशेटजी टाटांचा विचार त्यांच्या पश्चात, 1915 साली, खोपोलीत उतरला. लोणावळ्याच्या धरणांत पाऊस साठवायचा आणि मोठ्या नळांतून सुमारे 500 मीटर खाली सोडायचा. पाऊस चार महिने, वीज बारा महिने! पुढे 1922 मध्ये भिवपुरी आणि 1927 मध्ये भिरा ही केंद्रं सुरू झाली. मधल्या काळात, 3 फेब्रुवारी 1925 रोजी, बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली. गाडी लांब जाऊ लागली तसा कामगारही लांब राहू शकला. इकडे वीज करून झालेलं पाणी पाताळगंगेत आणि उल्हास नदीत उतरलं, आणि त्या नद्यांकाठी गावंही वाढली, कारखानेही.

देशाला वीज किती लागेल, याचे आकडे वर्तमानपत्रांत येतात. माझ्या मते त्या आकड्याइतकाच भरवसा मोलाचा आहे. भिवंडीच्या यंत्रमागावर जाऊन पाहा. लाईट गेली की माग मध्येच थांबतो, परत सुरू करताना कापडावर खूण उमटते, आणि कारागिराची मजुरी विणलेल्या मीटरवर ठरलेली. म्हणजे वीज गेलेले दोन तास कुणाच्याही बिलात दिसत नाहीत. ते त्या माणसाच्या आठवड्याच्या मजुरीतून कापले जातात. मोठा कारखानदार जनरेटर लावतो. छोट्याला डिझेल परवडत नाही, तो ऑर्डरच कमी घेतो. न घेतलेल्या ऑर्डरीची नोंद कुठे होत असेल?

2005 नंतरची काही वर्षं आठवा. राज्यभर भारनियमन होतं, खेड्यापाड्यांत तासन्‌तास अंधार, आणि मुंबई शहर मात्र त्यातून वगळलेलं. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबईची वीज गेली तेव्हा लोकल जागच्या जागी थांबल्या आणि देशभर बातमी झाली. बाहेरचं जाळं कोसळलं तर मुंबईला त्यापासून तोडून चालू ठेवायची सोय आहे, ती त्या दिवशी अपुरी पडली. त्या बातमीचं महत्त्व मला मान्य आहे. पण शेतकऱ्याच्या पंपाला आठवड्यातले काही दिवस रात्रीच वीज मिळते, तो विंचूकाट्यातून बॅटरी घेऊन बांधावर जातो, त्याचीही तितकीच मोठी बातमी व्हायला हवी होती. शेतीची वाढ मंद का, हे विचारणाऱ्यांनी आधी रात्री दोन वाजता शेतात दारं धरून, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत, पाहावं. शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतपंपांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीला, सौर वीज जोडून दिवसा पुरवठा करायची योजना राज्यात 2017 पासून आहे, आणि मला ती कुठल्याही नव्या महामार्गाहून निकडीची वाटते.

आता किमतीबद्दल. भिऱ्याची वीज मुळशीच्या धरणावर चालते. त्या धरणासाठी मावळातली सुमारे 50 गावं उठवायची होती. 1921 मध्ये शेतकरी सेनापती बापटांबरोबर ‘जान किंवा जमीन’ म्हणत उभे राहिले. धरण झालंच. मुंबईत दिवे लागले, पण ज्यांची भातखाचरं बुडाली त्यांच्या पदरात त्या भरभराटीतलं फार थोडं पडलं.

हे जुनं म्हणून सोडून देता येणार नाही, कारण सह्याद्रीकडे पुन्हा सगळ्यांचे डोळे लागले आहेत. सौर वीज दुपारी भरपूर, आणि मागणी चढते संध्याकाळी. म्हणून वीज जास्त असेल तेव्हा पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडायचं. घाटघरला 250 मेगावॅटचं असं केंद्र चालू आहे, आणि घाटात आणखी प्रकल्पांचे आराखडे तयार होत आहेत. देशाला त्यांची गरज आहे, असं मी मनापासून मानतो. म्हणूनच माझं मागणं असं, की आराखडा कागदावर असतानाच तो त्या गावांच्या ग्रामसभेपुढे मराठीत ठेवावा, आणि ज्याची जमीन जाईल त्याला एकरकमी पैशांबरोबर विजेच्या उत्पन्नात कायमचा वाटा लिहून द्यावा.

नमस्कार.