पाचव्या फेरीतलं नाव

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल संपत आला की पिट्सबर्गमध्ये न्हाव्याच्या खुर्चीत बसा, बसथांब्यावर उभे राहा, नाहीतर दुकानात रांगेत थांबा, कानावर एकच प्रश्न येतो. यंदा ड्राफ्टमध्ये स्टीलर्स, म्हणजे इथला अमेरिकन फुटबॉलचा संघ, कुणाला उचलणार? मी मूळचा कोल्हापूरचा. २००३ साली या शहरात आलो, ते फुटबॉलचं वेड सोबत घेऊनच. इथला फुटबॉल निराळा निघाला. लांबट चेंडू, तो हातात धरून पळायचं, आणि समोरून धिप्पाड गडी अंगावर येणार. पहिलं वर्ष मला काही कळलं नाही. कळायला लागलं ते शेजारच्या आजोबांमुळे. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले ते गृहस्थ सामन्यांपेक्षा जुन्या ड्राफ्टबद्दल जास्त बोलत. कुठल्या साली कुणाला घेतलं, कुणाला सोडलं, हे त्यांना घरातल्या लग्नांसारखं पाठ होतं.

ड्राफ्ट म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. कोल्हापुरात आमच्या लहानपणी पोरगं ज्या पेठेत वाढलं त्या पेठेच्या तालमीकडून शाहू स्टेडियमवर उतरायचं. कोण कुठल्या संघात जाणार हा प्रश्नच पडत नसे. अमेरिकेत खेळाडू कॉलेजातून तयार होतात आणि व्यावसायिक संघ त्यांना आळीपाळीने निवडतात. आदल्या मोसमात जो संघ सगळ्यात तळाला, त्याची पाळी पहिली. १९३६ पासून ही पद्धत चालू आहे. आज ३२ संघ आणि सात फेऱ्या असतात. १९७४ साली २६ संघ होते आणि फेऱ्या होत्या १७.

निवड झाली की दुसऱ्याच सकाळी वर्तमानपत्रं प्रत्येक संघाच्या हाती प्रगतिपुस्तक ठेवतात. जाणकार म्हणतात, घाई नको, तीन वर्षं थांबा, मग गुण द्या. इतकी वर्षं स्टीलर्सचे जुने ड्राफ्ट चाळल्यावर मला वाटतं की तीन वर्षंही फार कमी आहेत. का, ते त्यांच्याच उदाहरणांतून सांगतो.

सुरुवात दुखऱ्या जागेपासून करू. १९५५ साली नवव्या फेरीत स्टीलर्सनी जॉनी युनायटस नावाचा क्वार्टरबॅक घेतला. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातून चेंडू फेकला जातो, ज्याच्या डोक्याने सगळा डाव चालतो, तो. पोरगा पिट्सबर्गचाच. सराव शिबिरात त्याला नीट संधीही मिळाली नाही आणि मोसम सुरू होण्याआधीच त्याला काढून टाकलं. तो बांधकामावर मजुरी करायला लागला. ब्लूमफील्ड रॅम्स या स्थानिक संघाकडून तो एका सामन्याला सहा डॉलर घेऊन खेळायचा. पुढच्याच वर्षी बाल्टिमोरने त्याला बोलावलं आणि १९५८ साली त्याने बाल्टिमोरला अजिंक्यपद जिंकून दिलं. १९५७ साली स्टीलर्सनी लेन डॉसन हा क्वार्टरबॅक घेतला. त्याच्या लगेच पुढची पाळी क्लीव्हलंडची होती आणि त्यांनी उचलला जिम ब्राउन. चेंडू घेऊन पळणाऱ्यांत आजवरच्या सर्वश्रेष्ठांपैकी एक; जिम ब्राउन कोण, हे अमेरिकेत कुणाला सांगावं लागत नाही. डॉसनला स्टीलर्सनी बाकावर बसवून ठेवलं आणि शेवटी जाऊ दिलं. पुढे कॅन्सस सिटीकडून खेळून तोही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, पोचला. म्हणजे निवड चुकली असं तरी कसं म्हणायचं? माणूस खराच होता. हाती आलेलं पोर घडवण्याची धमक तेव्हा या संघात नव्हती.

१९३३ साली स्थापन झालेल्या या संघाने जवळजवळ चार दशकं काही जिंकलं नव्हतं. १९६९ साली चक नोल प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी पहिल्या फेरीत नॉर्थ टेक्सासच्या कॉलेजातला जो ग्रीन नावाचा खेळाडू घेतला. शहर विचारू लागलं, हा जो ग्रीन कोण? त्या मोसमात संघ १४ पैकी १३ सामने हरला. शिकागोचीही तीच गत झाली होती, म्हणून पहिली पाळी कुणाची हे ठरवायला नाणं उडवावं लागलं. स्टीलर्स जिंकले आणि त्यांनी टेरी ब्रॅडशॉ घेतला.

या ब्रॅडशॉला तीन वर्षांचा नियम लावून पाहा. चार मोसम होऊन गेले तरी घरच्याच मैदानावर प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत होते. १९७४ चा मोसम सुरू झाला तेव्हा नोलनी त्याला बाकावर बसवलं आणि पहिले सहा सामने जो गिलियमला खेळवलं. गिलियम १९७२ साली अकराव्या फेरीत आलेला. त्या ऑक्टोबरात ब्रॅडशॉच्या प्रगतिपुस्तकावर कुणीही नापासाचा शेरा मारला असता. पुढे त्याच ब्रॅडशॉच्या हातून स्टीलर्स सहा मोसमांत चार सुपर बोल, म्हणजे मोसमाचे अंतिम सामने, जिंकले. पहिला त्याच मोसमात.

आता १९७४ चा ड्राफ्ट. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण त्याच्यासारखा दुसरा ड्राफ्ट या खेळात झालेला नाही. आणि त्याच्याबद्दल बोलायचं तर आधी बिल नन यांच्याबद्दल बोलायला हवं.

बिल नन हे पत्रकार. 'पिट्सबर्ग कुरियर' हे कृष्णवर्णीयांचं नामांकित वर्तमानपत्र, त्याचे ते क्रीडा संपादक होते. अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी वेगळी कॉलेजं उभी राहिली होती. तिथल्या खेळाडूंकडे व्यावसायिक संघ फारसे फिरकत नसत. नन दरवर्षी त्या कॉलेजांतल्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी छापायचे. गावोगावचे प्रशिक्षक त्यांना ओळखत, त्यांच्या घरी जेवायला बोलावत. पण त्यांच्याच शहरातल्या स्टीलर्सनी कधी त्यांची विचारपूस केली नव्हती, आणि ही गोष्ट नन यांना खुपत होती. मालकांचे चिरंजीव डॅन रूनी यांनी त्यांना भेटायला बोलावलं तेव्हा नन यांनी हे तोंडावर सांगितलं. रूनींनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग तुम्हीच या, मदत करा. साठच्या दशकाच्या अखेरीस नन खेळाडू हेरण्याच्या कामाला लागले.

आमच्याकडे तालमीतला वस्ताद पोराचं मनगट आणि मान बघून सांगतो की हा टिकेल. नन यांची नजर त्या जातीची. सदर्न कॉलेजातून मेल ब्लाउंट आला, आर्कान्सातून एल. सी. ग्रीनवूड, तोही दहाव्या फेरीत. टेक्सास सदर्नचा अर्नी होम्स आला. जे बाकीच्यांच्या वाटेवर नव्हते, ते यांच्या वहीत होते.

अलाबामा ए अँड एम मधला जॉन स्टॉलवर्थ हा त्यातलाच. त्याची गोष्ट पिट्सबर्गमध्ये फार प्रेमाने सांगतात. अनेक संघांचे लोक त्याची ४० यार्डांची धाव मोजायला गेले होते. पावसाने मैदान चिखलाचं झालेलं, त्यामुळे वेळ काही खास लागली नाही. बाकीचे पुढच्या गावाला निघाले. नन म्हणाले, मला बरं वाटत नाही, मी थांबतो. दुसऱ्या दिवशी कोरड्या जागेवर त्यांनी स्टॉलवर्थला पुन्हा पळवलं आणि खरी वेळ वहीत लिहून घेतली.

नोल तर त्याला पहिल्याच फेरीत घ्यायला निघाले होते. हेरणाऱ्या मंडळींनी त्यांना धीर धरायला लावला. इतरांना याची किंमत माहीत नाही, तो नंतरही मिळेल. श्रोतेहो, तिसऱ्या फेरीतली आपली पाळी स्टीलर्सनी आधीच दुसऱ्या संघाला देऊन टाकली होती. म्हणजे दुसरी फेरी संपल्यावर चौथीपर्यंत नुसतं बघत बसायचं. त्या खोलीतल्या माणसांच्या पोटात काय कालवत असेल!

पहिल्या फेरीत, २१ व्या क्रमांकावर, त्यांनी लिन स्वान घेतला. दुसऱ्या फेरीत, ४६ व्या क्रमांकावर, जॅक लँबर्ट. हा केंट स्टेटचा, लाइनबॅकरच्या, म्हणजे बचावातल्या दुसऱ्या फळीतल्या गड्याच्या, मानाने अंगाने सडपातळ. मैदानात चिखल होता म्हणून त्याचा संघ खडी टाकलेल्या वाहनतळावर सराव करत होता. तिथेही त्याने सूर मारून गडी पाडला आणि अंगात घुसलेली खडी काढत पुढच्या डावाला उभा राहिला. हे पाहिलेल्या माणसाला आणखी काही मोजायची गरज वाटली नाही. मग चौथी फेरी आली. ८२ वा क्रमांक, आणि स्टॉलवर्थ अजून शिल्लक होता. पाचव्या फेरीत, १२५ व्या क्रमांकावर, विस्कॉन्सिनचा माइक वेबस्टर. सगळ्या फेऱ्या संपल्यावर कुणीच न निवडलेला साउथ कॅरोलायना स्टेटचा डॉनी शेल, त्यालाही नन यांच्या शब्दावर करार देऊन आणलं.

जानेवारी १९८० मध्ये स्टीलर्सनी चौथा सुपर बोल जिंकला. त्या संघातला एकही खेळाडू याआधी लीगमधल्या दुसऱ्या कुठल्या संघाकडून खेळलेला नव्हता. सगळी घरची तालीम.

आणि मग आलं १९८३. हे साल काढलं की आमचे आजोबा बोलायचे थांबत. डॅन मरिनो पिट्सबर्गचा, शाळाही इथली, कॉलेजही इथलं. ब्रॅडशॉचा हात दुखावलेला, कारकीर्द संपत आलेली. २१ वा क्रमांक पुकारला गेला तेव्हा मरिनो शिल्लक होता. स्टीलर्सनी टेक्सास टेकचा गेब रिव्हेरा घेतला. बचाव नव्याने बांधायचा होता आणि नोल यांची बांधणी नेहमी बचावापासून सुरू होई. सहा जागा पुढे मायामीने मरिनोला उचललं. १९८४ च्या मोसमात त्याने ५०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन फेकले, म्हणजे त्याच्या फेकींवर संघ तेवढे यार्ड पुढे सरकला आणि ४८ वेळा चेंडू शेवटच्या रेषेपार गेला. तेवढे तोवर कुणीच फेकले नव्हते. त्या मोसमाच्या उपांत्य सामन्यात, जानेवारी १९८५ मध्ये, समोर स्टीलर्सच होते. त्याने ४२१ यार्ड फेकून आपल्या गावच्या संघाला ४५-२८ असं हरवलं.

या निवडीला लोक घोडचूक म्हणतात. मला ते म्हणताना नेहमी रिव्हेराची आठवण होते. तो फक्त सहा सामने खेळला. ऑक्टोबर १९८३ मध्ये, दारू पिऊन गाडी चालवत असताना त्याला अपघात झाला आणि कमरेखालचं शरीर कायमचं निकामी झालं. वय २२. पुढे सॅन अँटोनिओत त्याने गरीब वस्तीतल्या मुलांना शिकवण्यासाठी वेळ दिला आणि २०१८ साली तो गेला. चुकलेल्या निवडींच्या यादीत त्याचं नाव मरिनोच्या शेजारी एका ओळीत येतं. त्या ओळीत त्याची पस्तीस वर्षं मावत नाहीत.

मरिनोचा सल पुढेही उरला. २००४ साली मी इथे नवा होतो. अकराव्या क्रमांकावर बेन रॉथलिसबर्गर उपलब्ध होता आणि निवडीच्या खोलीत दुसऱ्याच खेळाडूची चर्चा चालू होती. डॅन रूनी यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की त्यांना मरिनो आठवला आणि पुन्हा तसं व्हायला नको म्हणून त्यांनी चर्चा वळवली. रॉथलिसबर्गर १८ मोसम खेळला, दोन सुपर बोल जिंकला. तो निवृत्त झाला त्या वर्षी, २०२२ साली, पहिल्या फेरीत पिट्सबर्ग विद्यापीठाचाच केनी पिकेट घेतला. विद्यापीठाचा संघ आणि स्टीलर्स एकाच इमारतीत सराव करतात, त्यामुळे पोरगा नुसता दार ओलांडून आला म्हणायचा. या वेळी घरचा सोडला नाही, याचा आनंद गल्लीभर झाला. दोन मोसमांनी तो फिलाडेल्फियाला गेला.

१९७४ कडे मी पुन्हा येतो, कारण तिथला हिशोब अजून पुरा झालेला नाही. त्या वर्षीच्या चौघांपैकी लँबर्ट १९९० मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, वेबस्टर १९९७ मध्ये, स्वान २००१ मध्ये. चौथा स्टॉलवर्थ, त्याचा सोहळा ऑगस्ट २००२ मध्ये झाला. कुठल्याही संघाने एका ड्राफ्टमधून असे चार खेळाडू दिलेले नाहीत. हे पूर्ण व्हायला २८ वर्षं लागली.

पुढच्याच महिन्यात, २४ सप्टेंबरला, माइक वेबस्टर गेला. वय ५०.

वेबस्टर सेंटर होता. दर डावाला खाली वाकून चेंडू मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरच्या गड्याला डोक्याने भिडायचं. सामन्यात अनेक वेळा, सरावात त्याहून जास्त, स्टीलर्सकडे १५ मोसम आणि कॅन्सस सिटीत आणखी दोन. निवृत्तीनंतर त्याची स्मृती गेली, संसार मोडला, झोप उडाली. कित्येक रात्री त्याने स्वतःच्या ट्रकमध्ये काढल्या. त्याचं शवविच्छेदन पिट्सबर्गच्या शवागारात झालं. नायजेरियातून आलेले तरुण डॉक्टर बेनेट ओमालू तिथे काम करत होते. मेंदू वरून नेहमीसारखाच दिसत होता. त्यांनी तो जपून ठेवला आणि त्याचे काप करून तपासले. वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या धक्क्यांनी मेंदूत साचणारं प्रथिन त्यांना त्यात सापडलं. २००५ साली त्यांनी ते वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. लीगच्या डॉक्टरांनी तो निबंध मागे घ्या म्हणून पत्र लिहिलं. निबंध टिकला, आणि मुष्टियोद्ध्यांपुरता मानला जाणारा हा आजार फुटबॉलपटूंमध्ये आहे हे जगाला कबूल करावं लागलं.

कुणीच न निवडलेला डॉनी शेल आणि त्याला आणणारे बिल नन, या दोघांना हॉल ऑफ फेमचा मान मिळाला तो ऑगस्ट २०२१ च्या सोहळ्यात. नन तो बघायला नव्हते, ते २०१४ सालीच गेले होते.

२०२६ च्या ड्राफ्टचं यजमानपद पिट्सबर्गला मिळालं, तेव्हा आजोबांची मला फार आठवण झाली. ते असते तर १९७४ ची नावं क्रमाने म्हणून दाखवली असती, स्वानपासून सुरुवात करून. पाचव्या फेरीपाशी ते दर वेळी थोडे थांबायचे, टोपी काढून मांडीवर ठेवायचे, आणि मग ते नाव घ्यायचे.

नमस्कार.